गरब्याची गायिका, ढोली आणि बाकीचे अकरा जण

तुझा प्रश्न आधी थोडक्यात इथे मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू कादंबरी लिहितेयस. बडोद्यातल्या रावपुऱ्यातली मराठी मुलगी नवरात्रात गुजराती गरबे गाते. एका रात्रीची चित्रफीत मोबाइलवरून घरोघर जाते आणि ती एकदम प्रसिद्ध होते. तिच्याच ग्रुपमधल्या ढोल वाजवणाऱ्या मुलावर तिचं प्रेम आहे. सत्तर हजार शब्दांचा खर्डा तयार आहे. तीन मैत्रिणींनी वाचला आणि तिघींनी जवळजवळ तेच सांगितलं: प्रसिद्धीची प्रकरणं बातमी वाचल्यासारखी वाटतात आणि प्रेमाची प्रकरणं मालिका बघितल्यासारखी. चाहते, कॅमेरे, ट्रोलिंग, सगळं घातलंय, तरी दडपण जाणवत नाही, असं तू म्हणतेस. शिवाय शेवटी तिला गाण्यासाठी प्रेम सोडायला लावायचं की प्रेमासाठी गाणं, हे ठरत नाहीये.

मी १९८९ साली लग्न होऊन पुण्याहून बडोद्यात आले, दांडिया बाजारात. तेव्हापासून कादंबऱ्यांचे खर्डे वाचून, दुरुस्त करून पोट भरते. नट, गायिका, पुढारी, क्रिकेटपटू यांच्यावरच्या कादंबऱ्या दर वर्षी दोन-तीन तरी हातात येतात आणि बहुतेकींत तुझ्यासारखंच दुखणं असतं. लेखक गर्दीचं वर्णन करत बसतो.

गर्दीनं दडपण येत नाही गं. गर्दी आवडते. गाणाऱ्या कुठल्याही माणसाला मनापासून विचार, समोर दहा हजार माणसं टाळ्या वाजवतायत यात गुदमरण्यासारखं काय आहे? गुदमरायला होतं ते घरी आल्यावर. आपला एखादा साधा निर्णय, उद्या सुट्टी घेऊ का, ह्या मुलाशी लग्न करू का, हा आता आपला एकटीचा राहिला नाही, त्यात दुसऱ्यांचे पैसे आणि दुसऱ्यांची अब्रू अडकली आहे, हे कळतं तेव्हा. प्रसिद्धी वाढते म्हणजे हक्क सांगणाऱ्यांची संख्या वाढते. मी खर्डा वाचायला घेते तेव्हा पहिल्यांदा हीच संख्या मोजते.

तुझ्या नायिकेची मोजू. ग्रुपमध्ये कीबोर्डवाला, ऑक्टोपॅडवाला, दुसरा ढोली, बँजोवाला, हे चार. कोरसच्या चार मुली. साउंडवाला. सामान वाहणारा टेम्पोवाला. आणि पास विकून बसलेला आयोजक. झाले अकरा. यातल्या बऱ्याच जणांच्या वर्षभराच्या कमाईतला मोठा घास या नऊ रात्रींतून येतो. उरलेलं वर्ष लग्नाच्या संगीतसंध्या, एखादं डोहाळजेवण, शाळेचं स्नेहसंमेलन. गरब्याची सुपारी श्रावणाच्या आधी ठरते, बयाणा घेतलेला असतो, तो टेम्पोच्या हप्त्यात गेलेलाही असतो. आता सातव्या रात्री तिचा आवाज बसला, किंवा सातव्या रात्री त्या ढोलीशी तिचं कडाक्याचं भांडण झालं, तर तिच्या रुसण्याला जागा कुठे आहे? हे अकरा जण तुझ्या खर्ड्यात जवळजवळ नाहीतच. कोरसच्या मुलींना तर तू नावंही दिलेली नाहीस. 'कोरसमधल्या मुली हसल्या' एवढंच चार ठिकाणी आहे.

हे मी पुस्तकी बोलत नाहीये. १२ मार्च १९११ला 'मानापमान'चा मुंबईत पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग झाला, बालगंधर्व त्यात उभे राहिले. ही आठवण आपल्याकडे नेहमी त्यागाची म्हणून सांगतात आणि माझ्या सासूबाई सांगताना दर वेळी डोळे पुसायच्या. मला मात्र त्यात कायम विंगेत उभी असलेली सगळी नाटक मंडळी दिसते. इतक्या लोकांचं पोट, नवं नाटक, आलेला प्रेक्षक. 'नाही' म्हणायची मोकळीक त्या बापाकडे कितपत शिल्लक होती, हा कादंबरीकाराचा प्रश्न आहे. डोळे पुसणं वाचकावर सोडावं.

आता प्रेमाकडे येते. बडोद्यात राहून तू प्रसिद्धी आणि प्रेम यांवर लिहितेस आणि सयाजीराव महाराजांच्या लेकीची, इंदिराराजेंची गोष्ट तुझ्या डोळ्यांसमोर नाही, याचं मला नवल वाटलं. तुझ्या पिढीला कदाचित राजवाडा म्हणजे तिकीट काढून बघायची वास्तू एवढीच ओळख असेल.

१९११च्या डिसेंबरात दिल्लीत पंचम जॉर्जचा दरबार भरला. १२ तारखेला एकेक संस्थानिक पुढे जाऊन बादशहाला मुजरा करत होता. पहिला मान हैदराबादच्या निजामाचा, दुसरा बडोद्याचा. सयाजीराव पुढे गेले, वाकले, आणि परत येताना रिवाजाप्रमाणे मागे मागे न सरकता पाठ फिरवून चालत आले. झालं! इंग्रजी वर्तमानपत्रांनी गदारोळ केला: हा राजद्रोह आहे, मुद्दाम केलेला अपमान आहे. त्या दरबाराचं चित्रीकरण झालेलं होतं, ते विलायतेत पडद्यावर दाखवलं गेलं, लोकांनी महाराजांची चाल बघून बघून अर्थ काढले. शेवटी महाराजांना व्हाइसरॉय हार्डिंग यांच्याकडे पत्र पाठवून खुलासा करावा लागला, गडबडलो, आधीच्याचं नीट बघितलं नव्हतं अशा अर्थाचा, आणि तो छापूनही आला. जेमतेम काही पावलं चालण्यावरून. तुझ्या नायिकेची चित्रफीत आणि हे प्रकरण यात शंभराहून जास्त वर्षांचं अंतर आहे, पण यंत्रणा तीच बघ: एक हालचाल, तिचं चित्रीकरण, हजारो अनोळखी माणसांनी तिला लावलेला अर्थ, आणि मग कुणीतरी बसून शब्द तोलून मोलून खुलासा लिहायचा.

आणि त्याच दरबाराच्या धामधुमीत त्यांची १९ वर्षांची लेक प्रेमात पडत होती. इंदिराराजेंचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेलं. शिंदे वयानं बरेच मोठे, त्यांना आधीची राणी होती, ग्वाल्हेरचा जनाना पडद्यातला, आणि ही मुलगी मोकळ्या वातावरणात वाढलेली. दिल्लीत तिची गाठ पडली बंगालमधल्या कूचबिहार संस्थानच्या जितेंद्र नारायणांशी. मराठा नव्हेत, घराणं ब्राह्मो समाजाच्या वळणाचं, आणि गादीवर त्यांचे थोरले भाऊ. म्हणजे सोयरीक म्हणून सगळ्याच बाजूंनी अडचण.

मुलीनं काय केलं? आईवडिलांना काही न सांगता थेट माधवरावांना पत्र लिहिलं, की मला हे लग्न करायचं नाही. घरी ते कधी कळलं? ग्वाल्हेरहून तार आली, तुमच्या मुलीच्या पत्राचा अर्थ काय, अशी विचारणा करणारी, तेव्हा. हे इंदिराराजेंच्या लेकीनं, गायत्रीदेवींनी, आपल्या आठवणींत सांगितलंय. इकडे लग्नाची तयारी सुरू, तिकडे ग्वाल्हेरात सुरू, आणि मधून ही तार.

मी शिकवण्यांत नेहमी विचारते: या गोष्टीवर कादंबरी लिहायची तर पहिलं दृश्य कुठलं घ्याल? दहातले आठ जण दिल्लीतली पहिली भेट घेतात. तंबू, दिवे, वाद्यवृंद, नजरानजर. मी तार घेईन. तार हातात घेऊन उभी असलेली आई घेईन. चिमणाबाई महाराणी काही सोशिक, गप्प बसणाऱ्या बाई नव्हत्या. आणि महाराजांच्या त्या पाठ फिरवण्याचा धुरळा अजून खाली बसलेला नाही. अशा वेळी ग्वाल्हेरसारख्या घराला नकार कळवायचा म्हणजे घरातल्या एका मुलीच्या मनाला दोन संस्थानांची अब्रू बांधलेली. प्रेमाचं वजन वाचकाला त्या तारेवरून कळतं. नजरानजरेवरून नुसतं एवढं कळतं, की दोघंही दिसायला बरी होती.

पुढचंही सांगते, कारण तुझ्या शेवटाच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. घरच्यांनी पुष्कळ विरोध केला आणि अखेर नाइलाजानं रुकार दिला. लग्न १९१३ साली लंडनमध्ये झालं. आईवडील तिथे नव्हते. थोड्याच दिवसांत थोरले भाऊ वारले आणि जितेंद्र नारायण महाराज झाले. म्हणजे धाकट्या भावाशी लग्न केलेली मुलगी एकदम महाराणी! आणि १९२२ साली जितेंद्र नारायणही गेले. पाच लहान मुलं आणि संस्थानाचा कारभार तिच्या अंगावर आला. आता सांग, तिनं प्रेमासाठी पद सोडलं की पदासाठी प्रेम केलं? दोन्ही वाक्यं हास्यास्पद वाटतात ना. म्हणून तुझा 'गाणं की प्रेम' हा तराजू मला पटत नाही. तो परीक्षेतल्या प्रश्नासारखा आहे. आयुष्य तुम्हाला एक हवं ते देतं आणि त्याच्या गाठोड्यात न मागितलेल्या चार गोष्टी बांधून देतं. कादंबरीनं ते गाठोडं सोडून दाखवावं.

बडोद्यातलीच दुसरी गोष्ट याहून जास्त तुझ्या कामाची आहे, कारण ती गाण्याची आहे. अब्दुल करीम खाँ इथे दरबारात गायला होते. माने सरदारांच्या घरातल्या ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकत होत्या. दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला बडोदा सोडलं आणि संसार थाटला. शंभरातल्या नव्व्याण्णव प्रेमकादंबऱ्या इथे 'समाप्त' लिहितात. माझ्या मते इथून सुरुवात करावी. पाच मुलं झाली, पाचही गाणारी. नवऱ्याची कीर्ती वाढत गेली. आणि १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन त्यांच्यापासून वेगळ्या झाल्या. (पुन्हा १९२२. निव्वळ योगायोग आहे, पण मी हे साल विसरत नाही.) वेगळं झाल्यावर मुलांची नावं बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर झाल्या, धाकटी सकीना पुढे सरस्वती राणे म्हणून गाजली.

'बडोदेकर' हे आडनाव आपण किती सहज उच्चारतो. ज्या गावातून आईला प्रेमासाठी बाहेर पडावं लागलं, त्याच गावाचं नाव लेकीनं मैफिलीच्या जाहिरातीवर लावलं, आणि गळ्यात मात्र बापाची किराणा घराण्याची गायकी. एका आडनावात केवढी कादंबरी आहे! कुणी कुणावर हक्क सांगितला, कुणी सोडला, सगळं त्यात आहे. तुझी नायिकाही प्रसिद्ध झाल्यावर नाव बदलते, पण तू ते एका वाक्यात उरकलंस: 'आयोजकांनी तिचं नाव लहान केलं.' अगं, मराठी आडनाव गरब्याच्या बॅनरवर चालेना म्हणून पुसलं गेलं, त्या रात्री तिच्या बाबांनी जेवताना काय केलं? ते लिही. मला तरी तो अख्ख्या खर्ड्यातला सगळ्यात मोठा प्रसंग वाटतो आणि तोच लिहायचा राहिलाय.

आता कामाच्या काही गोष्टी.

ट्रोलिंगची तुझी चाळीस पानं चारवर आण. शिव्या सगळ्या सारख्याच असतात, दुसऱ्या पानावर वाचक झापड लावून पुढे जातो. त्यापेक्षा तिनं म्हटलेलं एकच वाक्य घे आणि ते तीन ठिकाणी दाखव: ती जे बोलली ते, जे छापून आलं ते, आणि दुधाच्या केंद्रावर मावशींनी तिच्या आईला जे ऐकवलं ते. तिन्हीत शब्दाशब्दाचा फरक पडू दे. एवढं पुरतं.

'हजारो डोळे तिच्यावर रोखलेले होते, तिला श्वास घेणं कठीण झालं' हे वाक्य बाराव्या प्रकरणात आहे, ते काढ. त्याजागी असं काहीसं करून बघ. ती नेहमीच्या गाडीवर सेव उसळ खाते. गाडीवाला पैसे घेत नाही, 'बेन, तमारा पैसा न होय' म्हणतो. तिला बरं वाटतं. दोन दिवसांनी तोच गाडीवाला आपल्या पुतणीला घेऊन दारात उभा राहतो, हिला कोरसमध्ये घ्या. कोरसमध्ये चारच जागा आहेत. नायिका गाडी बदलते. पुढे कधीतरी लांबून त्या गाडीचा वास येतो आणि ती रिक्षावाल्याला म्हणते, जरा दुसऱ्या रस्त्यानं घ्या. शहर असं लहान होत जातं. कमाटी बाग गेली, सूरसागरचा काठ गेला, उसळीची गाडी गेली. वाचक स्वतःच श्वास कोंडून घेईल, तुला सांगावं लागणार नाही.

प्रेमासाठी त्यांना भेटायला जागा उरलेली नाही, ही अडचण तू कॅफेतले कोपरे आणि गाडीच्या काळ्या काचा घालून सोडवलीस. मालिका तिथेच शिरली. ते दोघं रोज तीन-चार तास एकमेकांसमोर असतात, स्टेजवर, सगळ्यांच्या देखत! ती गातेय, तो ढोलावर हींच, म्हणजे गरब्याचा ठेका, धरून आहे. लय चढवायची तर तिनं नुसती मान वळवायची असते. दम लागला असेल तर तो दोन कडव्यांमधलं वाजवणं लांबवतो, तिला श्वास घ्यायला जागा करून देतो, आणि हे मैदानात फेर धरणाऱ्या हजारोंपैकी एकालाही कळत नाही. दुसऱ्या ढोलीला मात्र कळतं. कोरसमधल्या एकीला कळतं. इतकी उघड आणि इतकी गुप्त जागा दुसरी कुठे मिळणार आहे तुला? मग भांडणाच्या सातव्या रात्री तो एवढंच करतो, की ते मधलं वाजवणं लांबवत नाही. माझ्या अंगावर हे लिहितानाच काटा आला, तू तर गाणारी आहेस.

वेळेचाही उपयोग कर. नवरात्रात रात्री बाराला भोंगे बंद करावे लागतात. म्हणजे तुझ्या प्रत्येक रात्रीला आपोआप एक शेवट आहे. समोरून 'एक सनेडो, बेन, एक सनेडो' असा त्या लोकगीताच्या फर्माइशीचा गलका, आयोजक घड्याळ दाखवतोय, पोलिसांची गाडी गेटपाशी उभी. हे सगळं तुझ्या खर्ड्यात आहे, पण वर्णनात वाहून गेलंय. त्या शेवटच्या दहा मिनिटांत तिनं काहीतरी ठरवलं पाहिजे.

एक इशारा, अनुभवाचा. तुझा आयोजक वाचताना मला गावातला एक माणूस दिसला, म्हणजे तो बाकीच्यांनाही दिसणार. नाव बदललं की सुटलो असं समजू नकोस. काही वर्षांपूर्वी एका कादंबरीचं संपादन मी केलं होतं. त्यातल्या पुढाऱ्याचं नाव, पक्ष, गाव सगळं बदललेलं. पण त्याचं लंगडणं, त्याचा कुत्रा आणि बंगल्याच्या फाटकाचा रंग तसाच राहिला होता. नोटीस आली. छापून तयार असलेल्या प्रती प्रकाशकाच्या गोदामात पडून राहिल्या, लेखकाचे दोन पावसाळे वाया गेले. फाटक माझ्या नजरेतून सुटलं होतं, चूक माझी. १ जुलै २०२४पासून अब्रुनुकसानीसाठी भारतीय न्याय संहितेचं ३५६ कलम लागू आहे, आणि गेलेल्या माणसाबद्दल लिहून त्याच्या घरच्यांना दुखवण्याचा हेतू दिसला तर तेही त्यात येऊ शकतं. वकिलाला दाखवायचं तर छपाईच्या आधी दाखव. माझा स्वतःचा इलाज मात्र साधा आहे: दोन-तीन माणसं मिसळून एक माणूस कर आणि त्यातल्या एकाचा स्वभाव स्वतःच्या घरातून घे. पात्रही जास्त खरं होतं.

शेवटाचं काय करायचं ते तू विचारलंस. मी ठरवून देणार नाही, पण कुठे थांबावं हे सांगू शकते. तुझा खर्डा नवव्या रात्री, मैदानावर, दिव्यांच्या झगमगाटात संपतो. तो एक दिवस पुढे ने. दसऱ्याच्या सकाळी रावपुऱ्यात फाफडा-जिलेबीच्या दुकानांपुढे रांगा असतात. वरच्या मजल्यावर तिची आई वही घेऊन हिशोबाला बसलीय. कुणाला किती द्यायचे, कुणाचा बयाणा वळता करायचा. ती एकेक नाव वाचते आणि मुलगी बसलेल्या आवाजात, जवळजवळ कुजबुजत, आकडा सांगते. कीबोर्ड. ऑक्टोपॅड. बँजो. कोरसच्या चौघी, या वेळी नावासकट. मग आई त्याच्या नावाशी येते. या मुलाला बाकीच्या साथीदारांसारखं पाकीट द्यायचं की नाही, हे तिनं अजून कुणाला विचारलेलं नाही. ती पेन टेकवून थांबते.

हे प्रकरण आधी लिही, मग मागचं आपोआप हलेल. आणि खर्डा पाठवशील तेव्हा कागदावर छापून पाठव, दोन ओळींत भरपूर जागा सोडून. पडद्यावर वाचलं की फाटकं सुटतात माझ्याकडून.